कॉफीच्या मळ्यात माती, मुळे आणि कीड कशी मोजावी: नमुन्यापासून नकाशापर्यंत

अरेबिका कॉफीची लागवड सहा बाय सहा फुटांवर केली, तर एका एकरात सुमारे 1,200 झाडे बसतात आणि पाच एकरांच्या तुकड्यात ही संख्या सहा हजारांच्या वर जाते. या सहा हजार झाडांखालच्या मातीबद्दल मळेवाल्याकडे बहुतेक वेळा एकच अहवाल असतो, ज्यात सामूचा (म्हणजे मातीच्या आम्लतेच्या मापाचा, पीएचचा) एक आकडा, सेंद्रिय कर्बाचा एक आणि स्फुरद-पालाशाचे दोन आकडे असतात. कोडगू किंवा चिक्कमगळूरूच्या डोंगरउतारावर उभ्या असलेल्या मळ्यात असा सरासरी आकडा प्रत्यक्षात फार थोड्या झाडांना लागू पडतो. माथ्यावरची माती उथळ आणि खडीची असते, मधल्या उतारावर ती खोल आणि निचऱ्याची असते, तर पायथ्याशी, जिथे जुन्या भातखाचरांची हद्द सुरू होते, तिथे ती चिकट आणि पावसाळाभर ओलीचिंब असते.

हा लेख कॉफीच्या मळ्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी, तसेच कृषीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. माती, मुळे आणि कीड या तिन्ही गोष्टी मळ्यात जागोजाग बदलतात हे सर्वांनाच ठाऊक असते. मात्र त्या तिन्हींची नोंद त्याच क्रमांकाच्या झाडांवर, एकाच फेरीत केली, तरच तीन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहता येतात आणि एखाद्या पट्ट्यातील झाडे का मागे पडली याचा माग लागतो. मातीचे नमुने एकीकडून, किडीची मोजणी दुसरीकडून आणि मुळांकडे पूर्ण दुर्लक्ष, अशी आजची सर्वसाधारण पद्धत आहे. ती बदलावी, हाच या लेखनाचा आग्रह आहे.

आधी चालावे, मग खणावे

पहिला दिवस कुदळ न घेता मळ्यात हिंडण्यात घालवावा. सोबत जुना मेस्त्री, म्हणजे मजुरांचा मुकादम, असेल तर उत्तम, कारण कोणता तुकडा कधी लावला, कुठले सावलीचे झाड कधी तोडले, जुनी मजूरवस्ती कुठे होती आणि पालापाचोळा कुठे जाळला जात असे, हे त्याच्याइतके कोणत्याही कागदावर सापडत नाही. राखेच्या जुन्या ढिगाच्या जागी सामू आणि पालाश वर्षानुवर्षे चढे राहतात. पल्पिंगचे, म्हणजे पिकल्या फळांची साल काढतानाचे, पाणी जिथे मुरत असे ती जागाही आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी वागते. फणस, उंबर, पांगारा आणि सिल्व्हर ओक या सावलीच्या झाडांचा पाला वेगवेगळ्या वेगाने कुजतो, त्यामुळे प्रत्येकाखाली सेंद्रिय कर्बाचे प्रमाण निराळे असू शकते.

या फेरीत एका कोऱ्या कागदावर मळ्याचा हातनकाशा काढावा आणि त्यावर उताराची दिशा, ओढे, रस्ते, पाणी जिरवण्याचे चर, मोठी सावलीची झाडे, सावलीतील मोकळ्या जागा, कॉफी वाळवण्याचे खळे आणि शेजारच्या मळ्याची हद्द दाखवावी. हा कागद पुढे सर्वाधिक उपयोगी पडतो. कोडग्यात हत्तींचा वावर असलेल्या भागात ही फेरी एकट्याने किंवा अंधूक उजेडात करू नये.

हेतू ठरवावा

मातीचे नमुने दोन वेगळ्या हेतूंनी घेतले जातात आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. खताची मात्रा ठरवायची असेल, तर एकसारख्या दिसणाऱ्या तुकड्यातून अनेक ठिकाणची माती घेऊन, ती एकत्र मिसळून, चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देत) कमी करत अर्धा किलोचा एक संमिश्र नमुना तयार करतात. ही पद्धत आपल्या जागी योग्य आहे. मात्र एकदा माती मिसळली की जागोजागचा फरक कायमचा पुसला जातो. तो फरकच पाहायचा असेल, तर प्रत्येक बिंदूची माती वेगळ्या पिशवीत आणि वेगळ्या चिठ्ठीसह ठेवावी लागते. खर्च अर्थातच वाढतो, म्हणून हे काम संपूर्ण मळ्यावर न करता आधी पाच एकरांच्या, म्हणजे सुमारे दोन हेक्टरांच्या, एकाच तुकड्यावर करावे.

बिंदूंची आखणी

दोन हेक्टरांवर 20 मीटर बाय 20 मीटरची चौकट आखली, तर 50 बिंदू मिळतात. सहा फुटी लागवडीत 20 मीटर म्हणजे जवळपास बरोबर 11 झाडे, त्यामुळे दर अकराव्या ओळीतील दर अकरावे झाड निवडले की आखणी आपोआप होते. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या प्रकारात दहा फुटांचे अंतर असते, तिथे दर सातवे झाड धरावे.

एवढ्यावर थांबू नये. सर्व बिंदू 20 मीटरांवर असले, तर त्याहून कमी अंतरात काय घडते ते कधीच कळत नाही, आणि कॉफीच्या मळ्यात फरकाचा मोठा वाटा त्या कमी अंतरातच दडलेला असतो. म्हणून 50 पैकी दहा बिंदूंजवळ, लगतच्याच झाडाशी, एकेक जादा बिंदू घ्यावा आणि आणखी दहा बिंदूंपासून तीन झाडे सोडून एकेक जादा बिंदू घ्यावा. असे एकूण 70 बिंदू होतात.

निवडलेल्या झाडावर पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची क्रमांकपट्टी सैल तारेने बांधावी आणि वहीत तुकडा, ओळ आणि झाड असा तीन भागांचा क्रमांक लिहावा. मोबाईलच्या जीपीएसवर सर्वस्वी विसंबून राहू नये. दाट सावलीखाली त्याची चूक सहज पाच-दहा मीटरांची असते आणि तेवढ्यात कॉफीची पाच झाडे मागे-पुढे होतात. जीपीएसने तुकड्याचे चार कोपरे नोंदवावेत आणि आतील जागा ओळी मोजून ठरवावी.

माती घेताना

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा काळ या कामाला सोयीचा आहे. पाऊस ओसरलेला असतो, जमिनीत ओल असते, पावसाळ्यानंतरचा खताचा हप्ता अजून पडलेला नसतो आणि पांढऱ्या खोडकिड्याने (खोड पोखरणाऱ्या किडीने) ग्रासलेली झाडे शोधण्याची वेळही हीच असते. आधीचे खत किंवा चुना टाकून किमान दोन महिने उलटलेले असावेत. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणी करायची झाल्यास याच पंधरवड्यात करावी, नाहीतर ऋतूचा फरक जागेचा फरक म्हणून गळ्यात पडतो.

खोडापासून किती अंतरावर माती घ्यायची हे पहिल्या झाडाआधीच ठरवावे आणि सत्तर झाडांवर तसूभरही बदलू नये. याचे कारण महत्त्वाचे आहे. खत बहुधा झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली, गोल पट्ट्यात दिले जाते. अमोनियायुक्त खतातील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर होताना आम्लता निर्माण होते, त्यामुळे वर्षानुवर्षे खत पडलेल्या त्या पट्ट्यातील सामू दोन ओळींमधल्या मातीपेक्षा खाली उतरतो. एका झाडाची माती पट्ट्यातून आणि दुसऱ्याची ओळींच्या मधून घेतली, तर दोन झाडांमधला म्हणून जो फरक दिसेल तो खरे तर एकाच झाडाखालचा फरक असेल. फांद्यांच्या घेराच्या कडेखालची, उताराच्या वरच्या बाजूची जागा निवडावी असे मी सुचवेन, कारण खालच्या बाजूला वाहून आलेली माती साचते. पाणी जिरवण्याचा चर नेमका तिथे आला, तर लगतचे झाड घ्यावे आणि तशी नोंद करावी.

निवडलेल्या जागेवरचा पालापाचोळा मातीचा पृष्ठभाग दिसेपर्यंत बाजूला सारावा. 22 सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या एका बाजूने वरपासून तळापर्यंत दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा एकसारखा काप घ्यावा. काप वर जाड आणि खाली निमुळता झाला की वरची कर्बयुक्त माती प्रमाणाबाहेर येते, आणि ही चूक मजूर घाईत असताना हमखास होते. माती सावलीत वाळवावी, ढेकळे लाकडी दांड्याने फोडावीत, दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळावी आणि चाळणीवर राहिलेल्या खडीचे वजनही लिहावे. खताच्या रिकाम्या गोणीवर माती वाळवणे कटाक्षाने टाळावे.

सत्तरही नमुने प्रयोगशाळेत पाठवणे परवडणारे नसते. सामू घरच्या घरी मोजता येतो. त्यासाठी 20 ग्रॅम माती आणि 50 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घेऊन अर्धा तास अधूनमधून ढवळावे आणि प्रमाणद्रावणाने तपासून घेतलेल्या छोट्या सामूमापकाने वाचन घ्यावे. सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि पालाश यांसाठी दर तिसरा नमुना प्रयोगशाळेकडे द्यावा. बाळेहोन्नूर येथे 1925 मध्ये सुरू झालेली केंद्रीय कॉफी संशोधन संस्था, कोडग्यातील चेट्टळ्ळी आणि वायनाडमधील चुंडाळे येथील केंद्रे ही कॉफी मंडळाची या क्षेत्रातील अधिकृत ठिकाणे आहेत. कॉफीसाठी सामू सहा ते साडेसहा असावा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मेळघाटात, चिखलदऱ्याच्या कॉफीवर काम करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की तिथली माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे, त्यामुळे कोडग्याच्या मातीचे अंदाज तिथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मुळांकडे पाहणे

मुळे मोजण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण हे काम चिखलाचे आणि वेळखाऊ आहे. तरीही मातीतील पालाश झाडाला मिळतो की नाही हे मूळच ठरवते, म्हणून निदान निवडक झाडांवर ते करावेच.

अरेबिकाचे सोटमूळ आखूड असते आणि बहुधा 30 ते 45 सेंटिमीटरांवर संपते. त्याच्या भोवतीची काही उभी मुळे मात्र दोन-तीन मीटर खोल उतरतात, आणि उन्हाळ्यात झाड त्यांच्याच आधाराने तग धरते. अन्न घेणारी तंतुमुळे मुख्यतः वरच्या 30 सेंटिमीटरांत आडवी पसरतात. रोबस्टाची मुळे याहून अधिक पृष्ठभागालगत असतात, म्हणूनच तिला पाण्याचा ताण लवकर जाणवतो.

सत्तरपैकी बारा ते पंधरा झाडे माथा, मधला उतार आणि पायथा अशी विभागून घ्यावीत. आठ सेंटिमीटर व्यासाचा आणि दहा सेंटिमीटर उंचीचा लोखंडी नळकांड्याचा तुकडा वेल्डरकडून करून घेतला, तर त्यात सुमारे अर्धा लिटर माती मावते. अरेबिकाच्या खोडापासून 30, 60 आणि 90 सेंटिमीटरांवर, म्हणजे शेवटचा नमुना दोन ओळींच्या मधोमध येईल असा, आणि प्रत्येक ठिकाणी 0 ते 10, 10 ते 20 व 20 ते 30 सेंटिमीटर खोलीवर नमुना घ्यावा. एका झाडाचे नऊ नमुने होतात. माती बादलीत भिजत घालून बारीक चाळणीवर धुवावी, दोन मिलिमीटरपेक्षा बारीक मुळे चिमट्याने वेगळी करावीत, वाळवून त्यांचे वजन करावे.

ही वेगळी करण्याची पायरी शांतपणे, पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन, उजेडात बसून करावी. कॉफीचे जिवंत तंतुमूळ पांढरट किंवा फिकट पिवळसर असते, जरा जुने झाले की तपकिरी होते. मेलेले मूळ काळपट दिसते आणि चिमट्यात धरून ओढले की त्याची साल मोज्यासारखी निसटून आतला बारीक दोरा हातात राहतो. सिल्व्हर ओकच्या मुळांवर आखूड, दाट उपमुळांचे झुपके असतात, तर पांगाऱ्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी सापडतात. ही ओळख पक्की झाली नाही, तर सावलीच्या झाडाची मुळे कॉफीच्या नावावर जमा होतात आणि नेमक्या दाट सावलीच्या जागी कॉफीची मुळे भरघोस असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

जिवंत मुळांवर ठिपक्यांसारखे तपकिरी व्रण आणि तंतुमुळांचा अभाव दिसला, तर मुळांना व्रण पाडणाऱ्या सूत्रकृमींची शंका घ्यावी आणि ओली माती व मुळे बंद पिशवीत, उन्हात न ठेवता, तपासणीसाठी पाठवावीत. मुळांवर पांढरी पिठूळ वसाहत आणि खोडाशी मुंग्यांची वर्दळ दिसली, तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण असतो. खोडकिड्यामुळे उपटलेली झाडे ही मुळे पाहण्याची आयती संधी असते, ती वाया घालवू नये.

किडीची मोजणी

किडीची नोंद करताना शून्य लिहिणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. वहीत रिकामी जागा असेल, तर पाहिले आणि सापडले नाही, की पाहिलेच नाही, हे नंतर सांगता येत नाही.

अरेबिकावरील पांढऱ्या खोडकिड्याची मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी लाकडात शिरते आणि तिच्या मागे बोगदा भुशाने घट्ट भरत जातो. प्रौढ भुंगेरे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोन काळांत बाहेर पडतात, म्हणून त्याआधी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, प्रत्येक झाड तपासून कीडग्रस्त झाडे उपटून जाळण्याची रीत आहे. खोडावरून तळहात फिरवला, की सालीखाली वळणावळणाने गेलेले उंचवटे बोटांना जाणवतात. वरची पाने पिवळी पडून मलूल झालेली असतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ही तपासणी मळ्यातील सर्व झाडांची होते, तिच्यावर मजुरी आधीच खर्च होते, आणि तरीही संध्याकाळी वहीत फक्त उपटलेल्या झाडांची एकूण संख्या उतरते. ओळ आणि झाड यांचा क्रमांक तिथल्या तिथे लिहिला, तर सहा हजार झाडांची संपूर्ण नोंद विनासायास मिळते, जी कोणत्याही नमुना-पद्धतीने मिळणार नाही. ही नोंद नकाशावर मांडली, की ठिपके सावली विरळ झालेल्या, उन्हाला उघड्या पडलेल्या जागांभोवती किंवा रस्त्याच्या कडेला दाटतात का ते पाहावे, कारण ही कीड उजेडाच्या आणि उष्ण जागा पसंत करते.

फळ पोखरणारा भुंगेरा भारतात 1990 मध्ये नीलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळला. त्याची मादी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची असते आणि फळाच्या टोकावरच्या नाभीतून टाचणीएवढे छिद्र पाडून आत जाते. प्रत्येक क्रमांकाच्या झाडाच्या चार दिशांच्या चार फांद्या घ्याव्यात, त्यांवरील एकूण फळे आणि छिद्र असलेली फळे मोजावीत, शिवाय झाडाखाली एक चौरस मीटर जागेत पडलेली फळेही पाहावीत. तोडणीनंतर झाडावर आणि जमिनीवर राहिलेली फळेच पुढच्या हंगामाचे बीज ठरतात. म्हणून खळ्याच्या आसपास, न तोडलेल्या कोपऱ्यात आणि दुर्लक्षित मळ्याच्या हद्दीवर प्रादुर्भाव दाट सापडतो.

प्रत्येक झाडाखाली उभे राहून, दुपारच्या वेळी, वरच्या आकाशाचा किती भाग झाकलेला आहे याचा अंदाज चार श्रेणींत लिहावा. हे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने करावे.

आकडेमोड

कीड विखुरलेली आहे की ठिकठिकाणी साचलेली आहे, हे ओळखण्यासाठी प्रचरणाला (आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याच्या मापाला, इंग्रजीत व्हेरियन्स) सरासरीने भागावे. समजा दहा झाडांवर छिद्रयुक्त फळे 0, 0, 1, 0, 9, 12, 0, 0, 8, 0 अशी मिळाली. सरासरी 3 येते, प्रचरण सुमारे 22.2 येते आणि भागाकार 7.4 होतो. हा भागाकार 1 च्या आसपास असता, तर कीड योगायोगाने विखुरलेली मानता आली असती. तो 1 पेक्षा बराच मोठा असल्याने कीड गटागटाने आहे, आणि सर्वत्र फवारणी करण्यापेक्षा ते गट शोधणे अधिक शहाणपणाचे आहे. हा आकडा गट आहेत एवढेच सांगतो, ते कुठे आहेत हे सांगत नाही.

ते कळण्यासाठी अंतराचा विचार करावा लागतो. एका सरळ रेषेत दर 20 मीटरांवर सामू 5.2, 5.4, 5.3, 5.9, 6.1 आणि 6.0 आला असे मानू. 20 मीटर अंतरावरच्या प्रत्येक जोडीतील फरकाचा वर्ग काढून, त्यांच्या सरासरीचे निम्मे केले, की 0.046 मिळतात. 40 मीटरांच्या जोड्यांसाठी तोच आकडा 0.114 आणि 60 मीटरांसाठी 0.245 येतो. अंतर वाढते तसा फरक वाढतो, म्हणजे जवळच्या जागा एकमेकींशी खरोखर मिळत्याजुळत्या आहेत आणि मधल्या जागेचा अंदाज बांधणे योग्य ठरेल. ज्या अंतरानंतर हा आकडा वाढायचा थांबतो, तिथपर्यंतच एका बिंदूचा दुसऱ्यावर प्रभाव समजावा. उलट लगतच्या झाडांच्या जोड्यांतच फरक मोठा असेल, तर नकाशावरच्या सुंदर रंगछटांवर विश्वास ठेवू नये. मग फरक एका झाडाखालच्या मातीत किंवा आपल्या मोजण्याच्या पद्धतीत आहे असे धरावे. अंतर आणि हा आकडा यांचा आलेख काढला, की भूसांख्यिकीत (जागेनुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या शास्त्रात) त्यावरूनच क्रिगिंग नावाची, मधल्या जागांचे आकडे काढणारी अंदाजपद्धत उभी राहते. तिच्यासाठी शंभरच्या आसपास बिंदू असावेत असा संकेत आहे, म्हणून सत्तर बिंदूंवर काढलेला आलेख मार्गदर्शक समजावा, अंतिम समजू नये. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर नकाशासाठी पुरेसे आहे.

नकाशे एकमेकांवर ठेवताना

पारदर्शक कागदावर तीन नकाशे काढून हातनकाशावर ठेवले, तरी पुष्कळ काही दिसते. खोडकिड्याचे गट आणि कोरडी, कमी कर्बाची माती एकाच जागी आली, तर मातीमुळे कीड आली असे लगेच म्हणू नये. तोडलेल्या सावलीच्या झाडाने दोन्ही घडवले असण्याची शक्यता अधिक असते, आणि तसे असेल तर तिथे आधी सावली लावणे हाच उपाय आहे. पिवळ्या पडलेल्या झाडांचे गोल वर्तुळ एखाद्या जुन्या बुंध्याभोवती वाढत असेल, तर मूळकुजीचा संशय घ्यावा. ती मुळांच्या स्पर्शाने पसरते, त्यामुळे वर्तुळाबाहेरच्या निरोगी दिसणाऱ्या एका ओळीसह सुमारे दोन फूट खोल आणि एक फूट रुंद चर खणून तो भाग उरलेल्या मळ्यापासून वेगळा करावा. पायथ्याच्या ओल्या पट्ट्यात मुळे उथळ आणि तुरळक आढळली, तर तिथे खताआधी निचऱ्याचा विचार करावा.

नकाशात दहा रंग असले, तरी मजुरांकडून दहा प्रकारे काम करून घेता येत नाही. चुना आणि खत यांसाठी पाच एकरांचे दोन किंवा फार तर तीन विभाग करावेत, त्यांच्या सीमा ओळी, पायवाटा किंवा चर यांवरच टेकवाव्यात आणि कोपऱ्यावरच्या सावलीच्या झाडांना रंगाचे पट्टे मारावेत. प्रत्येक विभागात दोन ओळी जुन्या पद्धतीनेच ठेवाव्यात, तोडणीच्या वेळी त्यांची फळे वेगळी वजन करावीत आणि पुढच्या सप्टेंबरात त्याच क्रमांकाच्या झाडांशी पुन्हा वही घेऊन जावे.